बंद खोलीतल्या खुनाचा सिनेमा दाखवताय? या चुका टाळा

दिवाळीच्या सुट्टीत बेळगाव, खानापूर, निपाणीकडे पाहुण्यांनी घर भरलं की सगळ्यांना मिळून बघायला १९३३चा 'द केनेल मर्डर केस' फार छान. दिग्दर्शन मायकेल कर्टिझचं, गुप्तहेराच्या भूमिकेत विल्यम पॉवेल, लांबी ७३ मिनिटं. आतून बोल्ट लावलेली खोली, खुर्चीत मेलेला मालक, हातात पिस्तूल. तरीही सिनेमा हसरा आहे, त्यामुळे भयपट म्हणून पोरांना आधीच घाबरवू नका.

सर्वांत मोठी चूक म्हणजे 'झूम' करणं. जुन्या सिनेमाची चौकट ४:३ची (रुंदी ४ तर उंची ३), आपला टीव्ही जास्त रुंद, १६:९चा. पडदा भरायच्या नादात वरखालचं मिळून पाव चित्र कापलं जातं. अशा सिनेमात पुरावा कोपऱ्यातच पडलेला असतो, मग प्रेक्षकाने तो शोधायचा कुठे? सेटिंगमध्ये ४:३ ठेवा. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसतात, दिसू देत.

दुसरी गोष्ट दाराची. आपल्याकडच्या जुन्या घरांत आतून कडी नाहीतर आडणा, बाहेर कोयंड्याला कुलूप. फळीला आरपार भोक नसतं. सिनेमातल्या दाराला आत बोल्ट आहे आणि किल्लीचं भोकही आहे. हे ठाऊक नसेल तर आजी-आजोबांना शेवटचा उलगडा डोक्यावरून जातो. म्हणून सुरू करण्याआधी बोल्ट वेगळा आणि कुलूप वेगळं, एवढं सांगून ठेवा. पुढचं काही सांगू नका!

आवाज जुना, खरखरीत. टीव्हीचा 'बास' (घुमणारा जाड आवाज) कमी करा, संवाद स्पष्ट करणारा मोड असेल तर तो लावा, सबटायटल चालू ठेवा. खानापूरच्या पावसात पत्र्याखाली हा सिनेमा लावूच नये.

आधी पाहिलेल्या माणसाला मागे बसवा. "तोच बघा खुनी!" म्हणणाऱ्याला "मामा, गप बसा की," असं स्पष्ट सांगा. मराठी-कन्नडमधून समजावून सांगणाऱ्यानेही संवादापुरतंच बोलावं. जेवण अर्धवट राहिलं म्हणून कुरकुरत येणारे पोलिसांचे डॉक्टर मात्र कुणी समजावून न सांगताही हसवतात.

चहासाठी मध्येच कुठेही थांबवू नका. उलगडा सुरू होण्याआधी थांबवा आणि सगळ्यांकडून चिठ्ठ्या घ्या. नुसतं खुन्याचं नाव चालणार नाही. दार आतून बंद कसं झालं, तेही लिहायला लावा.