आरसी विमानांचा क्लब काढताय? मैदान हातचं घालवणाऱ्या या चुका टाळा

चार-पाच हौशी मंडळी रविवारी सकाळी एकत्र रिमोटवर चालणारी छोटी (आरसी) विमानं उडवायला लागली की कुणीतरी म्हणतंच, "आपला क्लब काढू या." नाव ठरतं, लोगो होतो, टी-शर्ट छापून येतात. धावपट्टी मात्र कुणाच्या तरी काकांच्या शेतात असते, तीही ज्वारी निघाल्यापासून पुढच्या पेरणीपर्यंत. असे क्लब विमानं पडून बंद होत नाहीत, जागा जाऊन बंद होतात. आणि जागा जाते ती बहुधा सुरुवातीच्या घाईमुळे. म्हणून इथे विमानांपेक्षा सातबाऱ्याबद्दल जास्त वाचावं लागेल, त्याला इलाज नाही.

गाडी काढण्याआधी नकाशा न बघणं

माळरान सपाट आहे, झाडं नाहीत, डांबरी रस्ता जवळ आहे, एवढ्यावर मंडळी खूश होतात. पहिली चाळणी मात्र आकाशाची लावायची. ड्रोन नियम, २०२१ आल्यापासून डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर देशाचं आकाश हिरव्या, पिवळ्या आणि लाल भागांत वाटलेलं दिसतं. हिरव्या भागात १२० मीटर उंचीपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा ६० मीटरवर येते. ५ ते ८ किलोमीटरच्या पट्ट्यात जमिनीपासूनच पिवळा भाग सुरू होतो आणि हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी लागते. लाल भागाचा विचारही करू नका. पुण्याभोवती लोहगाव, खडकवासल्याची एनडीए आणि इतर लष्करी आस्थापना आहेत, नाशिककरांना ओझर आणि देवळाली. शहराजवळचं सोयीचं माळरान यांपैकी कशाच्या तरी टप्प्यात निघण्याची शक्यता मोठी.

६० मीटर ही उंची ऐकायला पुरेशी वाटते, पण शिकाऊ माणसाच्या हातातलं विमान ती सहज ओलांडतं. थर्मल, म्हणजे वर चढणारी गरम हवा, शोधणारे ग्लायडरवाले तर १२० मीटरलाही जुमानत नाहीत. उडत्या विमानाची उंची खाली कळवणारा टेलिमेट्री सेन्सर ग्लायडरना सक्तीचा करा. कटकट होईल, होऊ द्या.

"आमचं ड्रोन नाही, विमान आहे"

हा युक्तिवाद पोलिसांसमोर कामाचा नाही. नियमांच्या लेखी पंख असलेलं असो की चार पंख्यांचं, दुरून चालवलेलं मानवरहित विमान ते मानवरहित विमानच. हौसेसाठी, नजरेच्या टप्प्यात उडवल्या जाणाऱ्या २५ किलोपर्यंतच्या मॉडेलला टाइप सर्टिफिकेटमधून, म्हणजे त्या नमुन्याच्या सरकारी मान्यतेतून, सूट आहे, हे खरं. पण ती सूट तेवढीच. झोन आणि उंचीचे नियम त्यातून सुटत नाहीत. नोंदणी क्रमांकाचा विषयही वेगळा आहे, तो आपल्या विमानांपुरता आधी तपासून घ्या. शिवाय बिगरव्यावसायिक उड्डाणासाठी रिमोट पायलट प्रमाणपत्रातून सूट आहे ती २ किलोपर्यंतच. फोमचं ट्रेनर, म्हणजे शिकण्याचं विमान, या रेषेच्या आत राहतं. बाल्साच्या हलक्या लाकडाचं, ४० आकाराच्या ग्लो इंजिनाचं (मेथेनॉलवर चालणारं छोटं इंजिन) जुनं ट्रेनर बऱ्याचदा रेषेपलीकडे जातं आणि पेट्रोल इंजिनाची विमानं तर नक्कीच. क्लबाच्या वहीत प्रत्येक विमानाचं वजन लिहा, बॅटरी किंवा इंधनासकट.

दुसरा गैरसमज, हिरवा भाग म्हणजे सगळं मोकळं. मुंबईसारख्या शहरात पोलीस भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली (पूर्वीचं १४४) ठरावीक मुदतीचे मनाई आदेश काढतात आणि त्यांत ड्रोन, पॅराग्लायडर यांच्याबरोबर रिमोटवर चालणारी हलकी विमानंही असतात. राज्य सरकारला एखाद्या भागात ९६ तासांपर्यंतचा तात्पुरता लाल झोनही जाहीर करता येतो. मंत्र्यांचा दौरा, गणपती विसर्जन, निवडणूक अशा आठवड्यांत उड्डाणाच्या आदल्या दिवशी खात्री करून घेणं हे कुणातरी एकाचं नेमून दिलेलं काम असू द्या.

स्थानिक पोलीस ठाण्याला एक साधं पत्र द्या: गट नंबर, वार, वेळ, जबाबदार दोघांचे फोन नंबर. पत्राच्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्या. गावच्या पोलीस पाटलांना जाऊन भेटा, जमलं तर त्यांच्या मुलांना उड्डाण बघायला बोलवा. "आकाशात काहीतरी फिरतंय" असा फोन कुणी केलाच, तर ठाण्यातून पहिली विचारणा बहुधा त्यांच्याकडेच होते.

काकांनी हो म्हटलं, म्हणजे जमीन मिळाली असं समजणं

सगळ्यात जास्त क्लब इथेच बुडतात. काकांचं नाव सातबाऱ्यावर असतं, पण एकट्याचं नसतं. सामाईक खात्यात त्यांचे दोन भाऊ, एक बहीण, वारलेल्या तिसऱ्या भावाची मुलं. काका मनापासून हो म्हणतात, धावपट्टी दाबून झाल्यावर, दिवाळीला मुंबईहून आलेला पुतण्या विचारतो, "हे कुणाला विचारून?" त्याचं काही चूक नसतं. ताजा सातबारा आणि आठ-अ काढा, इतर हक्काचा रकाना वाचा, वाटणी झाली आहे का ते विचारा आणि जेवढी नावं तेवढ्या सह्या घ्या. एखादा सही देत नसेल तर ती जागा सोडून द्या, कितीही आवडली असली तरी.

शेतकरी टाळाटाळ करतो त्यामागे बऱ्याचदा पैसा नसतो, कूळकायद्याची धास्ती असते. १९४८ च्या कायद्याने कसणाऱ्याला हक्क दिले आणि जमिनी गेल्याच्या गोष्टी घराघरांत आहेत. तुम्ही तिथे काही पिकवणार नाही, म्हणून कूळ होणार नाही, हे तुम्हाला माहीत असतं. त्यांना ते कागदावर दिसलं पाहिजे. म्हणून 'भाडेपट्टा' म्हणून सुरुवात करू नका. ठरावीक महिन्यांपुरती, ठरावीक दिवसांची वापर-परवानगी घ्या. ताबा मालकाचाच, पीक मालकाचंच, पेरणीच्या तोंडावर जागा मोकळी, असं मराठीत स्वच्छ लिहा. एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा तर दुय्यम निबंधकाकडे नोंदवावाच लागतो, आणि तिथवर पोचेपर्यंत घरातली वडीलधारी मंडळी मागे फिरतात. गावातल्या वकिलाकडून मसुदा करून घेतलात तर शहरातल्या वकिलापेक्षा लवकर सही होते.

पैसे रोख, हातोहात, पावतीशिवाय देऊ नका. हंगाम संपला की मोबदला वेळेवर पोचता करा. त्यासाठी त्यांना फोन करायला लागला, तर पुढच्या वर्षीचं उत्तर तुम्हाला मिळालेलं असतं.

"गायरान आहे, कुणाचंच नाही"

गायरान गावाच्या गुरांचं असतं, आणि वहिवाटदार बोलत नाहीत म्हणून जागा बेवारस होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं हटवण्याचे आदेश राज्यांना दिले आणि त्याच वर्षी जुलैत महाराष्ट्र शासनाने गायरानाच्या वाटपावर कडक निर्बंध आणले. त्यानंतर सरपंचांचं तोंडी "उडवा की" किंवा ग्रामपंचायतीचा ठराव हा क्लबाचा पाया होऊ शकत नाही. वनखात्याच्या जमिनीचंही तसंच. उघडं, खडकाळ, एकही झाड नसलेलं माळ कागदावर 'वन' निघतं. गवताळ माळांवर जमिनीवर घरटी करणारे पक्षी असतात, तेव्हा सातबारा मोकळा असला तरी विणीच्या काळात तिथून बाजूला राहा.

धावपट्टीची दिशा आणि शेजार

आपल्याकडे पावसाळ्यात वारा पश्चिमेचा-नैर्ऋत्येचा, थंडीतल्या सकाळी मंद, पूर्वेकडचा. म्हणून पट्टी शक्यतो पूर्व-पश्चिम. वैमानिक दक्षिण बाजूला उभे राहून उत्तरेकडे तोंड करतात, म्हणजे सूर्य पाठीशी राहतो. याचा एक अर्थ जागा बघताना निसटतो: रस्ता, पार्किंग, प्रेक्षक हे सगळं दक्षिणेला हवं, उत्तरेला मोकळं रान. रस्ता उत्तरेला असलेली सुंदर जमीन कायमची डोकेदुखी होते, कारण उड्डाण नेमकं लोकांच्या डोक्यावरून होतं. साठ-ऐंशी मीटर लांब आणि दहा मीटर रुंद पट्टी ट्रेनर आणि स्पोर्ट विमानांना पुरते.

उंच दाबाच्या तारा तुम्हाला दिसतात, पोल्ट्री शेड दिसत नाही. एकाएकी आलेल्या आवाजाने कोंबड्या घाबरून एका कोपऱ्यात एकमेकींवर चढतात आणि खालच्या गुदमरून मरतात. पेट्रोल इंजिनवाल्यांनी शेडपासून अंतर ठेवावंच, आणि नव्या जागेत सुरुवातीचे महिने फक्त इलेक्ट्रिक विमानं उडवणं शहाणपणाचं.

मुरूम टाकून पट्टी करायचा मोह आवरा. मुरूम गौण खनिज आहे. विनापरवाना टाकला की तलाठी पंचनामा करतो, दंड बाजारभावाच्या पटीत येतो आणि नोटीस जमीनमालकाच्या नावावर जाते. काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतात आणि नाकाचं चाक त्यात अडकतं, हे खरं. पण धसकटं काढून, पाणी मारून रोलर फिरवला तर एक हंगाम निघतो. पक्की शेड किंवा काँक्रीट घातलंत, तर अकृषिक वापराचा प्रश्नही उभा राहतो. एप्रिल-मेच्या दुपारी वावटळी उठतात, तेव्हा तंबूही नको आणि उड्डाणही नको.

आणि पाणंद एकदा ऑगस्टमध्ये चालून बघा. पंख्याने बोटं कापलेल्या माणसाला घेऊन गाडी बाहेर पडू शकते का, हा प्रश्न तिथे सुटतो.

नोंदणीची घाई, विम्याचा विसर

सोसायटी नोंदणी कायदा, १८६० खाली सात सभासद असले की संस्था नोंदवता येते. मात्र महाराष्ट्रात तिच्यामागोमाग सार्वजनिक न्यास कायदा, १९५० येतो: धर्मादाय कार्यालय, दरवर्षीचा हिशेब, आणि कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत बदल अर्ज. हे न करता सात-आठ वर्षं गेली की संस्था कागदावर जुन्याच अध्यक्षांची राहते, मग ते परगावी गेलेले असोत. मैदान पक्कं नसताना हा संसार मांडू नका. पहिला हंगाम साध्या वहीवर, दोघांच्या सहीच्या बँक खात्यावर काढा.

अमेरिकेत एएमए किंवा ब्रिटनमध्ये बीएमएफए या मॉडेल विमानांच्या राष्ट्रीय संघटनांचं सभासदत्व घेतलं की त्याबरोबर तृतीय पक्ष विमा, म्हणजे दुसऱ्यांच्या नुकसानीचं कवच, येतो. आपल्याकडे क्लबाच्या वर्गणीतून असं कवच आपोआप मिळत नाही, वेगळं मागून घ्यावं लागतं. विमा कंपनीला लेखी विचारा की मॉडेल विमान पॉलिसीत बसतं का. एजंटाचं तोंडी "हो साहेब" धरू नका.

रेडिओबद्दल थोडक्यात: २.४ गिगाहर्ट्झवर राहा. ऑनलाइन स्वस्तात मिळणारी ९१५ मेगाहर्ट्झची लांब पल्ल्याची मॉड्यूल आपल्या मोबाइल सेवेच्या पट्ट्यात घुसतात, ती मैदानावर बंद. फेलसेफवर, म्हणजे रिमोटचा सिग्नल तुटल्यावर, थ्रॉटल शून्यावर जातं हे प्रत्येकाने सगळ्यांसमोर दाखवल्याशिवाय विमान उडणार नाही, असा नियम ठेवा.

बिघडलंच तर

*विमान शेजाऱ्याच्या उसात पडलं.* सगळे धावत आत शिरतात आणि विमानापेक्षा जास्त नुकसान पायांनी होतं. एकानेच जायचं, बांधावरून, मालकाला फोन करून. विमानात बझर नसेल तर ते उसात सापडत नाही. तोडणीला आलेल्या, पाचट वाळलेल्या उसात चेपलेली लिपो बॅटरी पेट घेऊ शकते, म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये उसाकडच्या बाजूला उड्डाण बंदच ठेवा. नुकसानीचे पैसे त्याच दिवशी, भाव न करता.

*मालकाने अचानक दुप्पट पैसे मागितले.* बहुतेकदा त्यांनी तुमच्या गाड्या आणि विमानांच्या किमती मोजलेल्या असतात. बैठक घ्या, हिशेबाची वही दाखवा, त्या पट्ट्यात जाणाऱ्या हरभऱ्याचं उत्पन्न धरून आकडा काढा. तरी जमलं नाही, तर वाद न घालता निघा. गावात एकाशी वाजलं की पुढची जमीन मिळत नाही.

*पोलीस आले.* सगळी विमानं उतरवा, ट्रान्समीटर बंद करा. बोलणारा एकच. पोच असलेलं पत्र, नकाशाची छापील प्रत आणि मालकाची परवानगी एका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये मैदानावर असू द्या, फोनमध्ये नको; तिथे रेंज नसते.

*नवे सभासद टिकत नाहीत.* शिकवणारा माणूस मैदानावर स्वतःचंच विमान उडवत बसतो का, ते बघा. पहिला तास ट्रेनर जोडणीवर (शिकवणाऱ्याचा आणि शिकणाऱ्याचा ट्रान्समीटर जोडून) नवख्यांचा, मग जुन्यांचा.

दुसरी जागा पहिली हातात असतानाच शोधायला लागा, शक्यतो दुसऱ्या गावात आणि वेगळ्या पिकाच्या पट्ट्यात. एकीकडे रब्बी उभी असते तेव्हा दुसरीकडे रान मोकळं मिळतं. दोन्ही मालकांना एकमेकांबद्दल तुम्हीच आधी सांगा. नाहीतर आठवडी बाजारात त्यांची गाठ पडतेच.