टेनिस सामन्यातील गैरवर्तन: पंचाने शिक्षा कशी द्यावी

टेनिसमध्ये खेळाडूच्या गैरवर्तनाला शिक्षा देण्याचा क्रम ठरलेला आहे. पहिल्या उल्लंघनाला ताकीद, दुसऱ्याला एका गुणाचा दंड आणि तिसऱ्याला एका गेमचा दंड. त्यानंतरच्या प्रत्येक उल्लंघनाला पुन्हा गेमचा दंड द्यायचा की खेळाडूला सामन्यातून बाद करायचे, हे रेफरी, म्हणजे स्पर्धेचा प्रमुख अधिकारी, ठरवतो. दुहेरीत हा हिशेब जोडीचा धरला जातो. हा क्रम पाठ करायला फार वेळ लागत नाही, पण तापलेल्या कोर्टवर तो न डगमगता आणि खेळाडूला नीट समजेल अशा रीतीने लावताना पंचाचा खरा कस लागतो.

उल्लंघन पुकारण्याआधी ते कोणत्या सदरात बसते, हे पंचाने मनाशी पक्के करावे. घामाने रॅकेट हातातून निसटली तर तो गुन्हा नव्हे. ती रागाने जमिनीवर, जाळीवर किंवा खुर्चीवर आपटून मोडली तर तो रॅकेटचा गैरवापर होय. स्वतःशी पुटपुटणे चालते, परंतु प्रेक्षकांना किंवा लाइन अंपायरला स्पष्ट ऐकू जाईल अशी शिवी चालत नाही, आणि महाराष्ट्रातल्या स्थानिक स्पर्धेत ती मराठीत दिली म्हणून खेळाडूची सुटका होऊ नये. निर्णय नेहमी कृतीवर द्यावा. खेळाडूचे नाव, मानांकन किंवा मागच्या सामन्यातला त्याचा लौकिक त्यात येता कामा नये.

निर्णय झाला की गुण संपताच, पुढच्या सर्व्हिसच्या आधी, माइकवरून ‘कोड व्हायोलेशन’ (आचारसंहितेचा भंग), मग उल्लंघनाचे सदर, मग शिक्षा आणि शेवटी खेळाडूचे आडनाव अशा क्रमाने सम आवाजात घोषणा करावी आणि लगेच गुणसंख्या सांगावी. खेळाडू जवळ येऊन कारण विचारत असेल तर एक-दोन वाक्यांत उत्तर द्यावे. त्यापुढे वाद घालत बसू नये.

ही सगळी शिडी एकाच सेटमध्ये पाहायची असेल तर 2018 च्या यूएस ओपनची महिलांची अंतिम लढत पाहावी. दुसऱ्या सेटमध्ये चेअर अंपायर (उंच खुर्चीवर बसून सामना चालवणारे पंच) कार्लोस रामोस यांनी सेरेना विल्यम्सला, प्रेक्षकांतून प्रशिक्षकाने खुणा केल्याबद्दल, पहिली ताकीद दिली. पुढे तिने रॅकेट मोडली तेव्हा गुणाचा दंड झाला आणि प्रतिस्पर्धी नाओमी ओसाकाचा पुढचा गेम 15-0 पासून सुरू झाला. दोन गेममधल्या काळात गुणाचा दंड झाला तर तो असाच पुढच्या गेममध्ये धरायचा असतो. मग सेरेनाने पंचांना ‘चोर’ म्हटले आणि ओसाका 4-3 ने पुढे असताना गेमचा दंड होऊन ती 5-3 वर गेली. तो गेम ओसाकाच्या सर्व्हिसचा होता. तो खेळला गेला नाही तरी सर्व्हिसची पाळी झाली असे धरून पुढची सर्व्हिस सेरेनाने केली. नवे पंच हा हिशेब हमखास चुकवतात. दुसरा धडा मला अधिक मोलाचा वाटतो. गुणाचा दंड झाला तेव्हा सेरेनाला धक्का बसला, कारण पहिली ताकीद कायम आहे हे तिने गृहीत धरले नव्हते. म्हणून बाजू बदलताना खेळाडूशी सलोख्याने बोलणे झाले, तरी ताकीद कायम आहे हे त्याच वेळी स्वच्छ शब्दांत सांगावे. (कोर्टबाहेरून प्रशिक्षण देण्यास 2025 पासून नियमांत मुभा आहे, त्यामुळे त्या सदराचा आज वेगळा विचार करावा लागतो.)

काही कृत्यांसाठी पायऱ्या चढत जाण्याची गरज नसते. 2020 च्या यूएस ओपनमध्ये नोव्हाक जोकोविचने वैतागून मागे मारलेला चेंडू महिला लाइन अंपायरच्या गळ्यावर लागला आणि पहिल्या सेटमध्ये 5-6 असताना त्याला बाद करण्यात आले. तिला इजा करण्याचा त्याचा हेतू नव्हता हे सर्वांनी मान्य केले, तरी बेफिकिरीने चेंडू मारण्याचा परिणाम त्याला भोगावाच लागला. अशा वेळी पंचाने खेळ थांबवावा, जखमी व्यक्तीकडे आधी पाहावे आणि रेफरीला बोलवावे. बाद करण्याचा निर्णय एकट्याने जाहीर करू नये.

वेळेचा भंग या शिडीत मिसळू नये. दोन गुणांमध्ये 25 सेकंदांची मर्यादा ओलांडल्यास पहिल्यांदा ताकीद द्यावी. त्यानंतर सर्व्हिस करणाऱ्याची एक सर्व्हिस जाते आणि परतवणाऱ्याचा एक गुण.

चेअर अंपायर नसलेल्या ज्युनिअर सामन्यांत, जिथे एकच पंच अनेक कोर्टांवर फिरत असतो, त्याने स्वतः पाहिलेल्या किंवा ऐकलेल्या कृतीवरच शिक्षा द्यावी. प्रतिस्पर्ध्याच्या किंवा पालकाच्या तक्रारीवरून नव्हे, मात्र तक्रार आल्यावर त्या कोर्टजवळ थोडा वेळ अवश्य थांबावे.

प्रत्येक उल्लंघनाची वेळ, गुणसंख्या आणि खेळाडूचे नेमके शब्द लगेच कार्डावर लिहावेत; शिवीच्या जागी फुल्या मारू नयेत. सामन्यानंतरचा आर्थिक दंड अशाच नोंदींवर ठरतो. सेरेनाला झालेल्या 17,000 डॉलरच्या दंडात प्रशिक्षणाचे 4,000, रॅकेटचे 3,000 आणि पंचांना उद्देशून काढलेल्या शब्दांचे 10,000 डॉलर अशी स्वतंत्र विभागणी होती.