सॉफ्ट सिंथचा ट्रॅक ऑडिओत उतरवताना या चुका टाळा

घरच्या घरी केलेल्या रेकॉर्डिंगमध्ये गायकाचा आवाज आणि ढोलकी माइकसमोर मुद्रित झालेली असते. स्ट्रिंग्ज, बासरी, पॅड (मागे भरून राहणारे लांब सूर) आणि बेस मात्र बहुधा सॉफ्ट सिंथ (संगणकात आवाज घडवणारे सॉफ्टवेअर) वाजवत असतो. अशा ट्रॅकवर आवाज नसतोच, फक्त मिडीच्या सूचना (कोणता सूर केव्हा आणि किती जोरात वाजवायचा) असतात, आणि प्ले दाबल्यावर प्रोसेसर त्या सूचनांवरून आवाज दर वेळी नव्याने घडवतो. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की तापलेला लॅपटॉप प्रोसेसरचा वेग आपणहून उतरवतो, आणि जानेवारीत विनातक्रार वाजणारा प्रोजेक्ट जागोजागी कडकडू लागतो. बफर, म्हणजे आवाज घडवायला प्रोसेसरला मिळणारी उसंत, १२८ वरून १०२४ सॅम्पलवर (सॅम्पल म्हणजे डिजिटल आवाजाचा सूक्ष्म तुकडा) नेऊनही भागत नाही, तेव्हा सिंथचे ट्रॅक ऑडिओत उतरवण्यावाचून गत्यंतर राहत नाही. (माइक लागत नसल्यामुळे कूलर सुरू ठेवून करता येण्याजोगे रेकॉर्डिंगमधले हे जवळजवळ एकमेव काम आहे.)

काम एका कमांडचे असल्यामुळे ते घाईत उरकले जाते. वास्तविक ती कमांड देताना एक गोष्ट ठरवायची असते: आवाजासोबत फाइलमध्ये काय काय जाणार आणि ट्रॅकवर काय मागे राहणार. पुढे सांगितलेल्या बहुतेक चुका हे न ठरवल्यामुळेच होतात.

पहिली गल्लत फ्रीझ आणि कायमचे रूपांतर यांत होते. फ्रीझ केल्यावर रेकॉर्डिंगचे सॉफ्टवेअर स्वतःपुरती तात्पुरती फाइल तयार करून सिंथला विश्रांती देते. प्रोसेसरवरचा भार हलका होतो, पण ती फाइल दुसऱ्याला देण्यासाठी नसते. एबल्टन लाइव्ह या सॉफ्टवेअरमध्ये फ्रीझनंतर फ्लॅटन केले की खरा ऑडिओ ट्रॅक मिळतो. लॉजिकमध्ये याच कामासाठी ‘बाउन्स इन प्लेस’ आहे, तर क्यूबेसमध्ये ‘रेंडर इन प्लेस’. केवळ लॅपटॉप अडखळतो म्हणून हा खटाटोप करायचा असेल, तर फ्रीझ पुरेसे आहे.

एकच गोष्ट दोनदा लागू होणे

सर्वाधिक घोटाळा इथे होतो. समजा, पॅडचा फेडर (आवाजाची पातळी ठरवणारी सरकती कळ) ६ डेसिबलने खाली आहे आणि अंतऱ्यात त्याला आणखी दाबणारे ऑटोमेशनही (ठरल्या जागी आपोआप होणारा बदल) आहे. फेडरनंतरचा आवाज फाइलमध्ये उतरवला आणि नव्या ट्रॅकवर तोच फेडर, तेच ऑटोमेशन कायम राहिले, तर पॅड १२ डेसिबलने खाली जातो आणि अंतऱ्यात जवळपास नाहीसा होतो. रिव्हर्बचेही (घुमण्याचा इफेक्ट) तसेच आहे: तो फाइलमध्ये उतरलेला असताना ट्रॅकवर पुन्हा सुरू राहिला, तर स्वच्छ बासरी विहिरीतून आल्यासारखी ऐकू येते. याच्या उलट, रिव्हर्ब सेंडवर, म्हणजे ट्रॅकबाहेरच्या सामाईक चॅनलवर, लावलेला असेल तर पुष्कळदा तो फाइलमध्ये येतच नाही आणि कोरडा आवाज ऐकून माणूस सिंथलाच दोष देतो. माझे मत विचाराल, तर सिंथच्या आवाजाचाच भाग असलेले इफेक्ट फाइलमध्ये जाऊ द्यावेत आणि रिव्हर्ब, फेडर व पॅनिंग (आवाजाची डावी-उजवी जागा) मिक्ससाठी बाहेर ठेवावे.

मास्टरवरचा (सगळे ट्रॅक एकत्र येतात त्या चॅनलवरचा) लिमिटर, म्हणजे ठरलेल्या पातळीवर जाणारा आवाज दाबणारा इफेक्ट, मात्र निरपवादपणे बंद करावा. संपूर्ण गाण्यावर बसवलेला लिमिटर एकेका ट्रॅकवर वेगळे काम करतो, त्यामुळे तो ठेवून उतरवलेले ट्रॅक पुन्हा एकत्र केल्यावर मूळ गाणे हाती लागत नाही. नॉर्मलाइजचा (प्रत्येक फाइल कमाल पातळीपर्यंत चढवण्याचा) पर्यायही काढून टाकावा, अन्यथा मंद वाजणारा तानपुरा आणि दणदणीत बेस एकाच पातळीवर येऊन बसतात. सॉफ्टवेअरच्या आत शून्य डेसिबलच्या वर गेलेला आवाज सहसा बिघडत नाही, पण २४ बिटच्या फाइलमध्ये उतरताना त्याचा माथा कापला जातो. म्हणून आधी पातळी कमी करावी किंवा माथा न कापणारा ३२ बिट फ्लोट हा फाइलप्रकार निवडावा.

सुरुवात, शेवट आणि पट्टी

१४ एप्रिलसाठीच्या एका भीमगीताचे ट्रॅक मी मिक्सिंगसाठी पाठवले होते. रात्री फोन आला, “भाऊ, तुमची बासरी तर गाणं सुरू होताच वाजून राहिली!” बासरी पहिल्यांदा १ मिनिट १२ सेकंदांवर येत होती, आणि मी फक्त वाजलेला भाग निवडून रेंडर केला, म्हणजे ऑडिओत उतरवला, होता. फाइलला आपली जागा ठाऊक नसते. ती जिथे ठेवाल तिथून वाजते. म्हणून दुसऱ्याला द्यायचा प्रत्येक ट्रॅक, सुरुवातीला कितीही शांतता असली तरी, गाण्याच्या पहिल्या मात्रेपासूनच उतरवावा. शेवटीही शेवटच्या सुरावर न थांबता रिव्हर्बची शेपटी विरेपर्यंत चार-पाच सेकंद अधिक घ्यावेत. एमपी३ टाळावी, कारण तिच्या सुरुवातीला थोडी जास्तीची शांतता चिकटते आणि ट्रॅक तेवढाच मागे पडतो. वेव्ह फाइल जागा खाते हे खरे, पण ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटमध्ये स्टिरिओ आवाजाला मिनिटाला सुमारे १७ एमबी लागतात. आजच्या डिस्कला ते जड नाही.

सॅम्पल रेटची (सेकंदाला किती सॅम्पल, त्याची) चूक कानाला लगेच कळते, पण तिचे कारण उशिरा सापडते. ४४.१ किलोहर्ट्झची फाइल ४८ च्या प्रोजेक्टमध्ये रूपांतर न होता वाजली, तर पाच मिनिटांचे गाणे साधारण २४ सेकंद आधी संपते आणि काळी एकमधला सूर पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या मधोमध जाऊन पडतो. पेटीवर तो कुठेच सापडत नाही. पट्टी अशी अधांतरी सरकली की ट्यूनिंग तपासत बसू नये, आधी दोन्हीकडचे सॅम्पल रेट पाहावेत.

उतरवलेला आवाज वेगळा का वाटतो?

शंका फेडण्यासाठी एक खात्रीची चाचणी आहे. नवा ऑडिओ ट्रॅक मूळ सिंथच्या ट्रॅकसोबत ठेवावा, दोन्हींचे फेडर समान करावेत, एकाची पोलॅरिटी, म्हणजे ध्वनिलहरीची वर-खाली दिशा, उलटवावी (तिरपी रेघ मारलेल्या गोलाचे बटण) आणि दोन्ही एकत्र वाजवावेत. दोन्ही तंतोतंत सारखे असतील, तर काहीच ऐकू येत नाही. मूळ आवाजच हळू ऐकू येत असेल, तर पातळीत फरक आहे. तळ हरवलेला, पातळ आणि चिरका आवाज उरला, तर फाइल काही सॅम्पल पुढे-मागे सरकली आहे. नुसता रिव्हर्ब उरला, तर तो दोहोंपैकी एकाच ठिकाणी आहे.

मात्र काही सिंथ या चाचणीत कधीच उत्तीर्ण होत नाहीत, आणि तो त्यांचा दोष नव्हे. ज्याचे ऑसिलेटर (मूळ लहर निर्माण करणारे भाग) किंवा एलएफओ (आवाज संथपणे हलवणाऱ्या लहरी) मोकळे फिरतात, किंवा जो सॅम्पलर (आधी मुद्रित केलेले सूर वाजवणारा सिंथ) एकाच सुरासाठी आळीपाळीने वेगवेगळी सॅम्पल, म्हणजे इथे मुद्रित सूर, वाजवतो, तो दर रेंडरला थोडा निराळा वाजतो. अशा ट्रॅकचे दोन-तीन रेंडर घेऊन त्यांतला चांगला निवडावा. काही सिंथमध्ये ऐकताना हलका आणि रेंडर करताना उच्च दर्जा वापरण्याची सोय असते. यू-ही कंपनीच्या डिव्हा या सिंथमध्ये ऑफलाइन (न ऐकता केलेल्या रेंडरच्या वेळच्या) अचूकतेचा असा स्वतंत्र पर्याय आहे. आपल्याला आवडलेला आवाज हलक्या दर्जाचाच असेल, तर दोन्हींकडे तोच दर्जा ठेवावा. सॅम्पलरचे सूर रेंडरमध्ये गळत असतील, तर सॅम्पल पूर्णपणे रॅममध्ये घेऊन पाहावे किंवा रेंडर रिअल टाइममध्ये, म्हणजे गाणे वाजते त्याच वेगाने, करावे. बाहेरचा कीबोर्ड मिडीने वाजत असेल, तर रिअल टाइमला पर्यायच नाही.

ऑडिओ हाती आल्यावर मिडीचा ट्रॅक पुसून टाकू नये; तो म्यूट करून, सिंथ बंद करून, प्रीसेट (सिंथवर जुळवलेल्या आवाजाची मांडणी) वेगळा जपून ठेवावा. रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशी गायकाने पट्टी अर्ध्या स्वराने उतरवायला सांगितली, तर मिडी तेवढी सरकवून पुन्हा रेंडर करायला दहा मिनिटे लागतात. ताणून खाली आणलेल्या स्ट्रिंग्ज मात्र ओल्या पुठ्ठ्यासारख्या वाजतात. फाइलला ‘ऑडिओ ०७ शेवटची’ असे नाव न देता ‘बासरी, काळी एक, लय ९२, ४८ किलोहर्ट्झ, रिव्हर्बविना’ असे द्यावे.