जुन्या गाडीला टायर घेताय? आधी या चुका टाळा

श्रावण लागला की आमच्याकडे दरवर्षी तोच प्रकार. गाडी दहा-पंधरा वर्षं जुनी, टायर गुळगुळीत, गणपतीला गाव गाठायचंय, आणि निघायच्या आदल्या संध्याकाळी माणूस टायरवाल्याच्या दारात उभा. मग त्याच्याकडे जो माल पडलेला असेल तोच आपला साइज. वर "रिमवर बसला ना, झालं तर मग" असं मलाच ऐकवतात.

हे "बसला ना" प्रकरण आधी घेतो, कारण निम्मा त्रास इथूनच सुरू होतो.

टायरवर लिहिलेलं असतं समजा १६५/८० आर१४. १६५ म्हणजे रुंदी मिलिमीटरमध्ये, १४ म्हणजे रिम किती इंची, हे सगळ्यांना माहीत असतं. मधल्या ८० कडे कोण बघत नाही. टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के, ते हा आकडा सांगतो, म्हणजे तो बदलला की अख्ख्या चाकाची उंची बदलते, रिम तीच असली तरी.

माझ्या मावसभावाकडे जुनी स्विफ्ट व्हीएक्सआय आहे, तिला कंपनीचा साइज हाच, १६५/८० आर१४. मुंबईत एका दुकानात तो नव्हता, दुकानदार म्हणाला १७५/६५ आर१४ घ्या, जरा रुंद आहे, ग्रिप चांगली मिळेल, आणि ह्याने चारी घेतले. आता हिशोब बघा. मूळ चाकाची उंची साधारण ६२० मिमी, नव्याची ५८३. म्हणजे गाडी १८ मिमी खाली आली. मुंबईत पार्किंग ते ऑफिस करताना काही कळलं नाही. गणपतीला पाच माणसं, डिकी भरून सामान, आणि आमच्या वाडीत शिरताना जांभ्याचा चढ, तिथे सायलेन्सर असा घासला की शेजारचे बाहेर आले. गावातल्या मेकॅनिकने सांगितलं मागच्या स्प्रिंगा बसल्यात. बदलल्या. तरी घासतंच. मग म्हणे शॉकअपही गेलेत. तेही बदलले. आणि एवढं सगळं चालू असताना हा खूश, का तर टायर बदलल्यापासून अ‍ॅव्हरेज १६ चं १७ झालं! अरे बाबा, चाक लहान झालं की तेवढ्याच रस्त्यात ते जास्त फिरणार, मीटर १०० ला १०६ किलोमीटर मोजणार, मग अ‍ॅव्हरेज वाढणारच की कागदावर. पेट्रोल तेवढंच जळतंय. मी जाऊन फक्त टायरवरचा आकडा वाचला आणि दाराच्या खांबावरचा स्टिकर वाचला, बाकी पाना हातात धरला नाही.

त्यात अजून एक गोम होती. साइजच्या पुढे ८५टी किंवा ८२टी असं काहीतरी असतं, त्यातला आकडा म्हणजे एक टायर किती वजन पेलतो त्याचा कोड. मूळ टायरचा ८५ म्हणजे ५१५ किलो, ह्याने घेतलेल्याचा ८२ म्हणजे ४७५. चार टायरचे मिळून १६० किलो कमी झाले, आणि हा येताना फणस, नारळ, तांदूळ भरून घाट चढणार होता. मूळ आकड्यापेक्षा कमी कधी घेऊ नका, जास्त चालतो. पुढचं अक्षर वेगाचं, टी म्हणजे १९० चा वेग, आपल्या हायवेला त्याची चिंता नको.

मी काय करतो, तर दुकानात जायच्या आधी मोबाइलवर गुणाकार करतो. रुंदी गुणिले टक्के, त्याची दुप्पट, त्यात रिमचे इंच गुणिले २५.४ मिळवायचे. मूळ उंचीपेक्षा दोन टक्क्यांच्या वर फरक आला की मी तो टायर घेत नाही, लोक तीनपर्यंत चालवतात, चालवोत. त्याच स्विफ्टच्या वरच्या मॉडेलला १८५/७० आर१४ यायचा, त्याची उंची ६१५ च्या आसपास, म्हणजे मूळ साइज मिळाला नाही तर तो बघायचा होता. नाहीतर चार दिवस थांबून मागवायचा. पण थांबायचं म्हटलं की लोकांच्या पोटात दुखतं.

दुसरी चूक सेकंडहँड गाडीवाल्यांची. गाडीवर आत्ता जो टायर आहे त्याचाच फोटो काढून दुकानात दाखवतात. तो आधीच्या मालकाने कुठल्या हौसेने घातला होता तुम्हाला काय माहीत? ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर साइज आणि हवेचा स्टिकर असतो तो वाचा. आमच्या दमट हवेत तो स्टिकर बऱ्याचदा सोलून गेलेला असतो, मग मॅन्युअल. तेही नसेल तर स्टेपनी बाहेर काढा. अ‍ॅलॉय घातले, चारी टायर बदलले तरी स्टेपनीवर कोण खर्च करत नाही, त्यामुळे जुन्या गाडीत बरेचदा कंपनीचा साइज तिथेच सापडतो.

बाराच्या रिमवाल्यांनीही ऐका. अल्टोचा १४५/८० आर१२ आणि जुन्या मारुती ८०० चा १४५/७० आर१२ दिसायला भाऊ-भाऊ, उंचीत जवळजवळ तीन सेंटिमीटरचा फरक. अदलाबदल करू नका.

ओम्नीचा १४५ आर१२ एलटी हा भारवाहू टायर आहे, मासळीचे क्रेट किंवा आंब्याच्या पेट्या भरणाऱ्याने त्याजागी स्वस्तातला कारचा टायर घालणं म्हणजे शुद्ध वेडेपणा.

प्रीमियर पद्मिनी अजून सांभाळून असाल तर ५.२०-१४ मधला ५.२० म्हणजे रुंदी, पण इंचात, आणि मधली रेघ म्हणजे क्रॉसप्लाय, आत तिरपे धागे असलेली टायरची जुनी जात. रेडियलवर, म्हणजे साइजमध्ये 'आर' असलेल्या हल्लीच्या जातीवर, जायचं तर चारी एकदम. पुढे एक जात मागे दुसरी असं नको.

दोनच नवे घेणार असाल तर ते मागे घाला. मेकॅनिक पुढेच घालायला बघेल, पण पावसात काँक्रीटवर मागचं चाक सुटलं की गाडी गरकन फिरते.

टायर बनवल्याची तारीख त्याच्यावरच असते ती वाचा, चार आकडी असते, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. वर्षभर पत्र्याखाली उभी असणारी गाडी कमी चालली म्हणून टायर चांगला, हे मला सांगू नका, रबर उभ्या उभ्या कडक होतं आणि भिंतीला चिरा पडतात. कायद्याने टायरची नक्षी १.६ मिमी खोल उरली तरी चालते, मी पावसाळ्याआधी ३ मिमीलाच काढतो.

आणि रिम. किनाऱ्यावर खाऱ्या हवेने लोखंडी रिमची कड गंजते, नव्या ट्यूबलेसमधून हळूहळू हवा जाते, आणि लोक बिचाऱ्या टायरला शिव्या देतात किंवा आत ट्यूब कोंबतात. जुना टायर उतरवला की तिथेच थांबवा माणसाला, कड ब्रशने घासायला लावा, रंगाचा पातळ हात मारून वाळू द्या, मगच नवा चढवा. तो कुरकुर करेल, मागे लाइन आहे म्हणेल, तर सकाळी दुकान उघडायच्या वेळेला जा. व्हॉल्व्ह मात्र दर वेळी नवा घ्या.