कागदावरचं अॅव्हरेज आणि आपल्या खिशातलं अॅव्हरेज: लहान गाडी घेताना करायचा हिशेब

एसटीच्या आगारात लेखा शाखेत माझी एकतीस वर्षं गेली. तिथे डिझेलचा हिशेब केपीटीएलमध्ये होतो, म्हणजे दहा लिटरमागे किती किलोमीटर. एकच गाडी, एकच मार्ग, तरी दोन चालकांचे आकडे वेगळे यायचे, आणि घाटाच्या फेरीचा आकडा सपाटीच्या फेरीशी कुणी ताडून बघत नसे. ही सवय अंगात भिनली होती. म्हणून २०२० मध्ये मी १.२ लिटर इंजिनाची लहान पेट्रोल गाडी घेतली तेव्हा पहिल्याच दिवशी डॅशबोर्डच्या कप्प्यात एक डायरी ठेवली. आज तिच्यात एकेका टाकीची नोंद आहे. घरात, शेजारात कुणी गाडी घ्यायला निघालं की आधी माझ्याकडे येतात, ते या डायरीमुळेच.

गेल्या दिवाळीत भाचा आला. वारज्याला राहतो, पहिलीच गाडी घ्यायची होती. म्हणाला, "आत्या, शोरूमवाले म्हणतात सीएनजी घ्या, बत्तीस देते." मी विचारलं, "तुझी गाडी महिन्याला किती चालणार?" ते त्याला सांगता येईना. सुरुवात इथूनच करायची असते. गाडी किती अॅव्हरेज देते हा प्रश्न दुसरा, आपण किती चालवणार हा पहिला.

आधी तो छापील आकडा येतो कुठून, ते नीट समजून घ्या. पुण्यात वेताळ टेकडीवर एआरएआय ही संस्था आहे, गाड्यांच्या चाचण्या करणारी. अशा चाचणीत गाडी रस्त्यावर जातच नाही. ती रोलरवर उभी असते, चाकं जागच्या जागी फिरतात, आणि चालक समोरच्या पडद्यावरच्या रेषेबरहुकूम वेग वाढवतो, कमी करतो. सगळा कार्यक्रम ११८० सेकंदांचा, म्हणजे वीस मिनिटांच्याही आतला. आधी शहरी वेगाचा भाग, मग मोकळ्या रस्त्याचा, आणि त्यातही वेग ताशी ९० किलोमीटरच्या वर जात नाही. एसी बंद. ना खड्डे, ना पसरणीचा घाट, ना मागच्या सीटवर तीन माणसं आणि डिकीत तांदळाचं पोतं.

म्हणून हा आकडा खोटा आहे असं मी कधीच म्हणत नाही. सगळ्या गाड्यांना एकच परीक्षा असते, त्यामुळे गाड्या एकमेकींशी ताडून बघायला तो फार उपयोगी आहे. २०२४ ची स्विफ्ट मॅन्युअल २४.८०, तीच एएमटीमध्ये (क्लच नाही, गिअर आपोआप बदलतात) २५.७५, सेलेरिओची एक एएमटी आवृत्ती २६.६८. यावरून कोण कोणापेक्षा काटकसरी हे कळतं. आपल्या दारात उभी राहिल्यावर किती देईल, हे मात्र कळत नाही.

मग आपला आकडा काढायचा कसा? माझ्या गाडीचा कागदावरचा आकडा वीसच्या थोडा वर. डायरी सांगते, वाई ते सातारा, एकटी, ताशी ८० च्या आत, तर १८. वाईहून खंबाटकी ओलांडून पुण्याला, एसी लावून, १६ ते १७. पुण्यात लेकीकडे राहून फक्त शहरात फिरले तर १२ ते १३. पाचगणीला गेले की पसरणीच्या चढावर पडद्यावरचा आकडा ९-१० वर येतो. उतरताना तो भरून निघतो, पण सगळा नाही, कारण उतारावर ब्रेकमध्ये जे जातं ते परत मिळत नाही. थोडक्यात, मोकळ्या रस्त्याला छापील आकड्यातून दहा ते पंधरा टक्के वजा करा, गर्दीच्या शहराला पस्तीस ते चाळीस टक्के. तुमचे महिन्याचे किलोमीटर या दोन भागांत वाटा आणि सरासरी काढा. बहुतेकांचं उत्तर छापील आकड्याच्या पंचाहत्तर ते ऐंशी टक्क्यांत येतं.

दुसरी वाट म्हणजे तेच मॉडेल वापरणाऱ्याला विचारणं. पण "किती देते?" असं विचारू नका, उत्तर हमखास फुगवलेलं मिळतं. "टाकी फुल्ल करून मोजलंय का?" असं विचारा. हजार रुपयांचं पेट्रोल टाकलं आणि काटा परत खाली येईपर्यंत इतके किलोमीटर गेली, ही मोजणी नव्हे. इंधनाचा काटा इतका अचूक नसतो, आणि नऊ-दहा लिटरांत एका लिटरची चूक झाली तर उत्तर थेट दहा टक्क्यांनी बिघडतं.

टाकी ते टाकी अशी मोजायची. पंपावर नोझल पहिल्यांदा आपोआप बंद पडली की तिथेच थांबायला सांगा. पंपावरचा मुलगा रक्कम गोल करायला आणखी टाकायला जातो, त्याला नम्रपणे नको म्हणा. ओडोमीटरचा आकडा लिहा. टाकी निदान अर्ध्याखाली जाईपर्यंत गाडी नेहमीसारखी चालवा. मुद्दाम हळू चालवलीत तर स्वतःलाच फसवाल. मग त्याच पंपावर, जमलं तर त्याच मशीनवर, पुन्हा पहिल्या कटपर्यंत भरा आणि या वेळी किती लिटर गेलं ते पावतीवरून लिहा. माझी एक नोंद देते: ४१,२६० वर फुल्ल, पुढची ४१,७३८ वर, पेट्रोल गेलं २८.९ लिटर. ४७८ भागिले २८.९ म्हणजे १६.५. एका टाकीवर विसंबू नका, लागोपाठ तीन टाक्यांची बेरीज करून भागा. डॅशबोर्डवरचं अॅव्हरेज रोजच्या तुलनेला चांगलं, पण माझ्या गाडीत ते डायरीपेक्षा नेहमी अर्धा ते एक किलोमीटर जास्त दाखवतं.

आता ज्यात माणसं सर्वांत जास्त फसतात, तिकडे येते. "लिटरला किती किलोमीटर" या मापात मोठा आकडा मोठी बचत वाटतो. प्रत्यक्षात हजार किलोमीटरला १५ ची गाडी ६६.७ लिटर पिते आणि २० ची ५०. वाचले जवळजवळ १७ लिटर. २० वरून २५ वर गेलात तर ५० चे ४० होतात. वाढ तीच पाचाची, वाचले फक्त १०. पुढे पुढे बचत आणखी बारीक होते. युरोपात शंभर किलोमीटरला किती लिटर असं मोजतात, त्यात ही फसगत होत नाही. आपण त्याहून सोपं करू: किलोमीटरला किती रुपये. घरखर्चाच्या वहीत रुपयेच लिहायचे असतात.

माझ्या हिशेबापुरतं पेट्रोल १०४ रुपये लिटर आणि सीएनजी ९० रुपये किलो धरते. तुम्ही तुमच्या पंपाचा भाव घाला.

एएमटीचंच बघा. स्विफ्टच्या दोन आकड्यांत हजार किलोमीटरला दीड लिटरचा फरक, म्हणजे साधारण १५५ रुपये. एएमटीला वरचे ४५ हजार मोजावे लागत असतील, तर ते अॅव्हरेजमधून वसूल व्हायला पावणेतीन लाखांहून जास्त किलोमीटर लागतील. म्हणून एएमटी घ्यायची ती क्लचवरच्या गुडघ्यासाठी, गर्दीतल्या दमणुकीसाठी. माझ्या लेकीला मी तीच घ्यायला लावली आणि ते पैसे सत्कारणी लागले असं मानते. फक्त बचतीच्या रकान्यात ते लिहू नका.

सीएनजीचा आकडा वाचताना मापाकडे लक्ष द्या. स्विफ्ट सीएनजीचा ३२.८५ हा किलोमागचा आकडा आहे, लिटरमागचा नव्हे. एक किलो सीएनजीत एक लिटर पेट्रोलच्या जवळपास दीडपट ऊर्जा असते. इंजिन काही अचानक काटकसरी झालेलं नसतं. बचत होते ती गॅसच्या भावामुळे, आणि भाव बदलतो.

भाच्याचा हिशेब आम्ही वहीत मांडला. त्याच्याकडची दोन कोटेशनं, पेट्रोल आणि सीएनजी, ऑन-रोड फरक ९५ हजार. खरं अॅव्हरेज धरलं पेट्रोलला १९, सीएनजीला २६. पेट्रोल किलोमीटरला ५ रुपये ४७ पैसे, सीएनजी ३ रुपये ४६. किलोमीटरला दोन रुपये वाचतात, ही काही लहान गोष्ट नाही. पण तो हिंजवडीला कंपनीच्या बसने जातो. गाडी बाहेर निघणार शनिवार-रविवार आणि महिन्यातून एकदा वाईला. सगळं धरून ६०० किलोमीटर. महिन्याला १,२०० रुपये वाचले तर ९५ हजार फिटायला साडेसहा वर्षं लागतात. त्याचा साताऱ्यातला मित्र रोज स्वतःच्या गाडीने शिरवळला नोकरीला जातो, महिना २,२०० किलोमीटर. त्याचे दोन वर्षांच्या आत फिटतात. त्याला मी डोळे झाकून सीएनजी सांगितली.

पैशांपलीकडचंही बघा. सीएनजीची टाकी नावाला ६० लिटरची, पण तिच्यात गॅस मावतो साधारण आठ-नऊ किलो. म्हणजे दोनशे-सव्वादोनशे किलोमीटरला पुन्हा रांग. डिकीची जागा जाते. काही गाड्यांत आता एका मोठ्या टाकीऐवजी दोन लहान टाक्या डिकीच्या तळाशी बसवतात, त्यात निदान बॅगा राहतात. शोरूममध्ये जाताना आपली नेहमीची प्रवासाची बॅग घेऊन जा आणि ठेवून बघा. दर तीन वर्षांनी टाकीची दाबचाचणी करून प्रमाणपत्र घ्यावं लागतं. चढावर इंजिनाचा जोर थोडा कमी पडतो, घाटाखाली राहणाऱ्यांनी टेस्ट ड्राइव्हला गाडी घाटातच न्यावी. उलट बाजूला, महाराष्ट्रात सीएनजी गाडीला रस्ता कर पेट्रोलपेक्षा कमी आहे आणि विकतानाही तिला भाव येतो.

पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं (यालाच ई२० म्हणतात, १० टक्केवालं ते ई१०), हेही हिशेबात धरा. इथेनॉलच्या लिटरमध्ये पेट्रोलच्या मानाने दोन तृतीयांशच ऊर्जा असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात ई१० साठी जुळवलेल्या चारचाकीचं अॅव्हरेज ६ ते ७ टक्क्यांनी आणि ई२० साठी जुळवलेल्या गाडीचं १ ते २ टक्क्यांनी घटेल असा अंदाज होता. माझ्या डायरीत सरासरी १७ वरून १६.२ वर आली आहे. त्यात गाडीच्या वयाचाही वाटा असेल. जुनी गाडी घेत असाल तर २०२३ च्या एप्रिलआधीची आहे का ते बघा, तशी गाडी ई२० साठी बनवलेली नसू शकते, आणि टाकीच्या झाकणामागे किंवा पुस्तिकेत कोणतं इंधन चालतं ते वाचा.

दोन पेट्रोल गाड्यांत निवड असेल तर हिशेब आणखी सोपा. एकीचा छापील आकडा २४.८, दुसरीचा २०. दोन्हींतून वीस टक्के वजा केले तर महिना ६०० किलोमीटरला साधारण साडेसातशे रुपयांचा फरक, वर्षाला नऊ हजार. पाच वर्षांचे पंचेचाळीस हजार. आता दुसरी गाडी साठ हजारांनी स्वस्त असेल, किंवा तिला धडक-चाचणीत जास्त तारे असतील, तर? माझं मत स्पष्ट आहे: महिन्याला साडेसातशे रुपयांसाठी मी माझ्या माणसांना कमकुवत सांगाड्याच्या गाडीत बसवणार नाही. भारत एनसीएपीचे, म्हणजे आपल्याकडच्या धडक-चाचणीचे, निकाल २०२३ पासून येऊ लागलेत, गाडीचं नाव घालून निकाल उघडा आणि प्रौढांचे तारे व मुलांचे तारे वेगवेगळे वाचा.

किमतीबाबत एकच. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतली आणि १२०० सीसीपर्यंतची पेट्रोल किंवा सीएनजी गाडी १८ टक्के जीएसटीत येते, आधी २८ टक्के आणि वर उपकर होता. त्यामुळे जुन्या गाडीचा भाव त्याआधीच्या नव्या किमतीवरून लावणाऱ्याला आजचं नवं कोटेशन दाखवा. आणि कोटेशन घेताना विमा, ॲक्सेसरीज, वाढीव वॉरंटी या ओळी वेगळ्या मागा. एका शोरूमने माझ्या कोटेशनमध्ये अकरा हजारांच्या ॲक्सेसरीज न विचारता घातल्या होत्या. ते अकरा हजार म्हणजे माझं तेव्हाचं तीन महिन्यांचं पेट्रोल.

गाडी घेतल्यावर अॅव्हरेज राखायला फार काही लागत नाही. हवा दर पंधरवड्याला, सकाळी टायर थंड असताना, चालकाच्या दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलेल्या आकड्याइतकी. महामार्गावर ८० ऐवजी १०० ने गेलात तर वाऱ्याचा रोध दीडपटीहून जास्त होतो, त्याची किंमत पेट्रोलमध्ये मोजावी लागते. सिग्नल लांब असेल तर इंजिन बंद. डिकीतलं नको ते सामान बाहेर.

भाच्याने शेवटी पेट्रोल मॅन्युअल घेतली, आणि वाचलेल्या पंचाण्णव हजारांतून कर्जाची रक्कम कमी केली. गाडी दाखवायला वाईला आला तेव्हा मी त्याला दोनशे पानी वही दिली. पहिल्या पानावर पाच रकाने आखून दिलेत: तारीख, ओडोमीटर, लिटर, रुपये, आणि शेवटचा रकाना "कुठे गेलो". पहिली नोंद त्याने वाईच्या पंपावरच केली, १२४ किलोमीटर, टाकी फुल्ल.