मुंबईत नवीन आलात? अनोळखी माणसाला जरूर विचारा, पण चारचौघांत

मी परभणीची. 2011 च्या दिवाळीनंतर देवगिरी एक्सप्रेसने दादरला उतरले ती इथलीच झाले. आधी काळाचौकी, मग कळवा, आता डोंबिवली. एवढ्या वर्षांत आमच्या भागातून नोकरीला, परीक्षेच्या अभ्यासाला आलेली पंधरा-वीस पोरं-पोरी माझ्याकडे चार-आठ दिवस राहून गेली. खोली कुठे बघू, मांडीवर उठलंय त्याला काय लावू, साहेब पगार अडवतोय तर काय करू, घरी लग्नाचं चाललंय ते कसं लांबवू, हे सगळं ती फोनवरून नेटवर विचारतात, ज्याचं तोंड कधी पाहिलं नाही अशा माणसाला. मी शेजारच्या खोलीत असते, पण मला विचारत नाहीत. त्याचा मला राग येत नाही. मावशीला विचारलेलं रात्री आईच्या कानावर जातं, हे त्यांना माहीत असतं. अनोळखी माणूस कोणाला सांगणार? म्हणून "नेटवर विचारू नका" असं मी कोणालाच सांगत नाही. कसं विचारायचं ते सांगते, कारण मी चुकीचं विचारलं होतं आणि त्याची किंमत बाबांनी भरली.

तेव्हा ऑर्कुट, म्हणजे फेसबुकसारखी एक साइट, चालू होतं. परभणीतल्या सायबर कॅफेत बसून मी मुंबईकर मराठी मंडळींच्या एका कम्युनिटीत लिहिलं, "परळ-लालबागच्या आसपास मुलीची राहायची सोय होईल का? भाडं चार हजारांपर्यंत." खाली सहा-सात उत्तरं आली. एकाने लिहिलं, चार हजारांत कॉट मिळेल, म्हणजे इतरांसोबतच्या खोलीत फक्त झोपायची जागा, अख्खी खोली नाही. दुसऱ्याने लिहिलं, आधी या, बघा, न बघता रुपया देऊ नका. मला ती उत्तरं तुटक वाटली. एकाने मात्र फक्त मला वेगळा निरोप पाठवला, "ताई, काळाचौकीला माझ्या मावशीची खोली आहे. ती एकटीच असते, तिला मुलगीच हवी आहे." आडनाव आमच्याकडचं. फोटोही आले. खिडकीत तुळस, भिंतीला कालनिर्णय, कोपऱ्यात स्टीलची मांडणी आणि तिच्यावर उतरत्या क्रमाने लावलेले डबे. ते बघून बाबा म्हणाले, घर माणसांचं दिसतंय. सोयाबीनचे पैसे नुकतेच हातात आले होते. बाबा बँकेत गेले, स्लिप भरली आणि 15 हजार रुपये त्या खात्यात टाकून आले.

पत्त्यावर चाळ होती. मला सांगितलेली खोली तिसऱ्या मजल्यावर होती आणि चाळ दुमजली होती. फोन बंद. तळमजल्यावरच्या एका आजींनी पाणी दिलं, माझी बॅग आत घेतली आणि पलीकडच्या इमारतीत कॉट बेसिसवर मुली ठेवणाऱ्या बाईंकडे मला स्वतः घेऊन गेल्या. पोलीस ठाण्यात अर्ज दिला. पैसे आले नाहीत. बाबा पुढे कधी त्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत, ते मला जास्त लागलं.

यातलं मुख्य नीट लक्षात घ्या. उघडपणे आलेली सगळी उत्तरं बरोबर होती. चुकीचं तेवढं एक होतं, ते एकट्या मला आलं. त्या माणसाने तेच सगळ्यांसमोर लिहिलं असतं, तर काळाचौकीतल्या कोणीतरी लगेच विचारलं असतं, "अहो, त्या चाळीला तिसरा मजला कुठे आहे?" अनोळखी लोकांना विचारण्याचा सगळा फायदा यात आहे. एक चुकला तर दुसरा त्याला टोकतो. तुम्ही त्याच्यासोबत बाजूला गेलात की टोकणारं कोणी उरत नाही. म्हणून "इनबॉक्स बघा", "डीएम करा", "नंबर द्या, सांगतो" असं आलं की उत्तर एकच द्या: इथेच लिहा. खरा माणूस लिहितो. आडनाव आपल्याकडचं आहे, जिल्हा आपला आहे, "ताई" म्हणतोय, याने काही सिद्ध होत नाही. गावाकडे पारावर कोणी सल्ला दिला तर तो कोणाचा कोण, त्याचा त्यात काय फायदा, हे आपल्याला ठाऊक असतं. इथे ते ठाऊक नसतं, ही एकच गोष्ट विसरून आपली मुलं फसतात.

खोलीचं आणखी सांगते, कारण सगळ्यात जास्त पैसे तिथेच जातात. खोली डोळ्यांनी बघितल्याशिवाय टोकन, म्हणजे खोली धरून ठेवायचे आगाऊ पैसे, द्यायचं नाही. "आज तीन जण बघून गेलेत, पाचशे पाठवा, धरून ठेवतो" याला बळी पडू नका. खोली दाखवायचे पैसे मागणारा एजंट सोडून द्या. एजंट साधारण एका महिन्याचं भाडं घेतो, ते करार झाल्यावर. आणि बघायला जाल तेव्हा संध्याकाळी जा, पाणी किती वाजता येतं ते शेजारणीला विचारा. मालक वेगळं सांगेल.

कराराबद्दल नेटवर एक उत्तर हमखास मिळतं: "अकरा महिन्यांचा करार असेल तर रजिस्टर करावा लागत नाही." ते लिहिणारा खोटं बोलत नसतो. तो दुसऱ्या राज्यातला असतो. बऱ्याच राज्यांत वर्षाच्या आतला भाडेकरार नोंदवायची सक्ती नाही. महाराष्ट्रात मात्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 नुसार लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी घर वापरायला देण्याचा, करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा, अकरा महिन्यांचा असला तरी. नोंदवायची जबाबदारी मालकाची आहे. न नोंदवल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5 हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि नोंदणी नसताना वाद झाला, तर करारात काय ठरलं होतं याबाबत भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. हे तुमच्या बाजूचं आहे आणि नव्वद टक्के पोरांना माहीत नसतं. नोंदणी आता ऑनलाइन होते, बोटांचे ठसे घ्यायला माणूस घरी येतो. मालक "कशाला खर्च" म्हणाला तर अर्धा खर्च तुम्ही द्या, पण करा. एवढ्यासाठी प्रश्न विचारताना "मुंबईत" आणि "महाराष्ट्रात" हे शब्द घाला. बंगळुरूच्या माणसाचं बरोबर उत्तर तुमच्यासाठी चूक असतं.

उत्तराची तारीखही बघा. एल्फिन्स्टन रोडला उतरा असं कोणी लिहिलं असेल तर ते उत्तर जुनं आहे, 2018 पासून त्या स्टेशनचं नाव प्रभादेवी आहे. दादरला मध्य रेल्वेच्या प्लॅटफॉर्मचे नंबर डिसेंबर 2023 मध्ये बदलले, आता ते 8 ते 14 आहेत, त्यामुळे जुन्या उत्तरातला तिथला प्लॅटफॉर्म नंबर आता चालत नाही. जुने लोक व्हीटी म्हणतात ते सीएसएमटी. आणि मुंबई सेंट्रल हे सेंट्रल लाइनवर नाही, वेस्टर्नवर आहे. माझ्या भाच्याचा पहिला इंटरव्ह्यू त्यात गेला. गाड्यांचं बाकी सगळं एम-इंडिकेटर या ॲपवर बघा, त्यातल्या चॅटमध्ये गाडी कुठे अडकलीय ते प्रवासीच एकमेकांना सांगतात. अनोळखी माणसांचा इतका चांगला उपयोग मी दुसरीकडे पाहिला नाही.

आपल्याकडचे लोक म्हणतात, मुंबईत कोणी कोणाचं नसतं. मला हे पटत नाही. फलाटावर "स्लो आहे का?" विचारा, मान वर न करता चार जण उत्तर देतील. रस्त्यात पत्ता विचारला आणि माहीत नसला तर माणूस सरळ "पुढे विचारा" म्हणतो. हे "पुढे विचारा" नेटवर कोणी लिहीत नाही. तिथे माहीत नसलेलाही उत्तर देतो. आणि आपल्या लोकांबद्दल स्पष्ट बोलायचं तर, मुंबईत दोन वर्षं झालेला सगळ्यात ठामपणे बोलतो. वीस वर्षं झालेला आधी विचारतो, ऑफिस कुठे आहे, पगार किती, सोबत कोण आहे. उत्तर देण्याआधी तुम्हाला दोन प्रश्न विचारणाऱ्याचं जास्त ऐका.

आता आजारपण. गेल्या पावसाळ्यात आमच्या शेजारच्या गावचा एक मुलगा माझ्याकडे आला. जांघेत गजकर्ण होतं. दिवसभर घाम, गर्दी, न वाळलेले कपडे, इथे पावसाळ्यात ते खूप जणांना होतं. लाजेने कोणाला दाखवलं नाही, नेटवर नाव न देता विचारलं. कोणीतरी मलमाचं नाव सांगितलं, कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये ते मिळालंही. दोन दिवसांत खाज थांबली. पुन्हा उठलं, पुन्हा लावलं. मी ती ट्यूब पाहिली तेव्हा तिसरी चालू होती, शेपटाकडून गुंडाळत गुंडाळत नखाएवढी उरलेली. तोवर ते पोटापर्यंत चढलं होतं, कडा लालभडक, आणि तोच टॉवेल वापरणाऱ्या रूममधल्या दोघांनाही लागलं होतं. मलमात स्टेरॉइड होतं. स्टेरॉइड खाज आणि लाली दाबतं, पण खाली बुरशी पसरत राहते. अशी मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत म्हणून सरकारने 2018 साली नियम कडक केले, तरी पोरं ती घेऊन येतातच. सल्ला देणाऱ्याने वाईट चिंतलं नव्हतं. त्याची खाज थांबली होती, त्याने लिहिलं. पुढे काय झालं ते लिहायला कोणी परत येत नाही.

मी त्याला सायनच्या टिळक रुग्णालयात नेलं. सकाळी लवकर जायचं, केस पेपर काढायचा, त्वचारोग विभाग विचारायचा. परळला केईएम, मुंबई सेंट्रलजवळ नायर, तिन्ही पालिकेची. रांगेत वेळ जातो, पैसे फार जात नाहीत. डॉक्टरने एका नजरेत ओळखलं, काही आठवड्यांच्या गोळ्या दिल्या, टॉवेल वेगळा आणि कपडे सुकवून घालायला सांगितलं. बरा झाला. म्हणून माझं म्हणणं आहे: औषधाचं नाव अनोळखी माणसाला विचारू नका. कुठे दाखवू, कोणत्या विभागात, लेडी डॉक्टर कोणत्या दिवशी असते, सोबत काय नेऊ, हे जरूर विचारा. त्याची उत्तरं खूप चांगली मिळतात, कारण ती देणारे त्या रांगेत उभे राहिलेले असतात.

पावसाचं एक वेगळं सांगते. साचलेल्या पाण्यातून चालत घरी आलात तर "आम्ही तर दरवर्षी चालतो, काही होत नाही" हे वाचून झोपू नका. लेप्टोची, म्हणजे उंदरांच्या मुतामुळे साचलेल्या पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची, भीती असते. 72 तासांच्या आत डॉक्टरला दाखवून प्रतिबंधक गोळी घ्या असं पालिका दर पावसाळ्यात सांगते. पायाला जखम असेल तर अजिबात हयगय नको.

कस्टमर केअरचा नंबर नेटवर शोधू नका, विचारूही नका. बँकेचा कार्डाच्या मागे असतो, गॅसचा पुस्तकावर. यूपीआयवर पैसे मिळवायला पिन टाकावा लागत नाही, हे घरी आई-बाबांनाही सांगा. पैसे गेलेच तर त्याच मिनिटाला 1930 वर, म्हणजे ऑनलाइन फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर, फोन करा, लाजत बसू नका. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यात सरकतात. माझ्या वेळी असा नंबर नव्हता.

मुलींनो, प्रश्नाखाली स्वतःचा नंबर कधीही टाकू नका. माझ्या पुतणीने "ठाण्यात रूममेट हवी" म्हणून टाकला होता. रात्री साडेअकराला फोन सुरू झाले ते आठवडाभर थांबले नाहीत, शेवटी तिने सिम बदललं. बँक, आधार, सगळीकडे नवा नंबर देताना तिचा महिना गेला. स्टेशन लिहा, गल्ली लिहू नका. फोटो नको. मनातलं विचारायचं असेल, पाळी, मित्र, घरचा जाच, तर नाव न देता विचारा आणि त्यात कंपनी, कॉलेज, गाव असं ओळख पटेल असं काही ठेवू नका. आपल्या जिल्ह्याच्या ग्रुपमध्ये तर नाहीच. तिथे "आमची एक मैत्रीण आहे" असं लिहिलं तरी दुसऱ्या दिवशी गावात कळतं.

खानावळ, डबा, स्वस्त चपला कुठे मिळतात, हे कोणालाही विचारा.

आणि एकटेपण. पहिले तीन-चार महिने रविवारची संध्याकाळ फार वाईट जाते. मीही त्या सायबर कॅफेतल्यासारखी अनोळखी लोकांशी तासन्‌तास लिहीत बसायचे, त्यातल्या दोघी आजही माझ्या मैत्रिणी आहेत, एकीच्या मुलाच्या बारशाला मी आत्या होते. ते खरं आहे आणि चांगलंही आहे. पण जगावंसं वाटत नाही असं मनात येऊ लागलं, तर ते असंच कुठेतरी लिहून उत्तराची वाट बघत बसू नका. रात्री दोनला जागा असलेला कोण, कशा मनाचा, सांगता येत नाही. 14416 लावा. टेलिमानस, सरकारी आहे, फुकट आहे, दिवसरात्र चालू असतं, मराठीत बोलता येतं. मी एकीला माझ्यासमोर बसून लावायला लावला आहे.

खोली मिळाली, गजकर्ण बरं झालं, डिपॉझिट परत आलं, की जिथे विचारलं होतं तिथे परत जाऊन चार ओळी लिहा. कोणाचा सल्ला चालला, कोणाचा नाही, भाडं किती पडलं, पाणी किती वाजता येतं. खाली महिना आणि साल टाका.