समुद्रमार्गे स्वारीचा अंदाज: जहाजं मोजताना या चुका टाळा

१९४० साली जर्मनी खरंच इंग्लंडवर उतरू शकला असता का, हा वाद निघाला की कुणीतरी आकडा पुढे करतोच: जर्मनांनी दोन हजारांवर बार्ज (सपाट बुडाच्या मालवाहू नौका) जमवली होती! आकडा खरा आहे. घोळ त्याच्या पुढे होतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे तरंगणारं सगळं एकाच मापाने मोजणं. ही बार्ज होती ऱ्हाइन नदीतली आणि हॉलंड-बेल्जियमच्या कालव्यांतली. गोव्याच्या मांडवी नदीतून खनिज नेणारी बार्ज ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना सपाट बुडाची ही जात उघड्या समुद्रात कशी हेलकावेल ते सांगायला नको. त्यातून इंजिन होतं जेमतेम ८०० बार्जना. बाकीची टगने (ओढणाऱ्या छोट्या, ताकदवान बोटींनी) ओढायची, २-३ नॉट (ताशी सागरी मैल) वेगाने; आणि इंग्लिश खाडीतला भरती-ओहोटीचा प्रवाहच ५ नॉटपर्यंत जातो! म्हणून बार्जआधी टग मोजा. स्वारीला किती ताफा लागेल याच्या हिशेबात जर्मन नौदलाने १,७२२ बार्जसोबत ४७१ टग धरले होते, ते उगाच नव्हे.

नुसती माणसं मोजून टनेज (जहाजांची लागणारी क्षमता) काढणंही तसंच फसवं. जर्मन पायदळाची तोफ-रसद तेव्हाही घोड्यांवर चालायची. पहिल्याच लाटेत चार हजारांहून अधिक घोडे न्यायचे होते. घोडा आला की जागा, चारा, गोडं पाणी आलं.

आकड्याला तारीख लावायला विसरू नका. ब्रिटिश बॉम्बफेकीत २१ सप्टेंबरपर्यंत २१ वाहतूक जहाजं आणि २१४ बार्ज बुडाली किंवा निकामी झाली. त्याआधीची बेरीज नंतरच्या चर्चेत वापरली की हिशेब फुगतो.

आणि जमवाजमव म्हणजे निर्णय नव्हे. बेल्जियमच्या ऑस्टेंड बंदरात बार्ज दिवसागणिक वाढताना ब्रिटिश विमानांतून घेतलेल्या छायाचित्रांत दिसली. ७ सप्टेंबरच्या रात्री ब्रिटिश लष्कराचा ‘क्रॉमवेल’ हा सांकेतिक इशारा सुटला. त्याचा अर्थ ‘स्वारी जवळ आली असावी, सज्ज राहा’ एवढाच. पण काही ठिकाणी होमगार्डवाल्यांनी (स्थानिक स्वयंसेवक रक्षकांनी) शत्रू उतरलाच असं समजून चर्चच्या घंटा बडवल्या. गंमत अशी की १७ सप्टेंबरला हिटलरने स्वारी बेमुदत पुढे ढकलली, तेव्हाही खाडीलगतच्या बंदरांत बार्जची गर्दी तशीच होती.